हात लावून पाहावे

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ ही पाटी डोळ्यांपुढे उभी राहते. दुर्मिळ वस्तू जपल्याच पाहिजेत. परंतु काचेच्या पलीकडे ज्ञान आणि अलीकडे बालक, ही वाटणी कायमची होऊन बसावी हे आम्हां शिक्षकांस रुचत नाही. म्हणून गोल्फच्या इतिहासाचे व शास्त्राचे एक दालन कागदावर रेखाटण्याचे काम आम्ही विद्यार्थ्यांसह हाती घेतले. आमच्यापैकी कोणीही गोल्फ खेळलेला नाही; त्यामुळे सर्वज्ञतेचा आव आणण्याची कोणासच सोय नव्हती.

कथेचा आरंभ स्कॉटलंडात होतो. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून या खेळात रमतात, म्हणून १४५७ साली तेथील पार्लमेंटने त्यास बंदी केली. तरीही खेळ टिकला. त्या जुन्या काळी कातड्याच्या लहानशा पिशवीत ओली पिसे ठासून चेंडू शिवीत. वाळताना कातडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू टणक होई. आमच्या पहिल्या मेजावर पिसांचा ढीग व एक पिशवी राहील. असा चेंडू महाग का पडे, हे पाहुण्याची दुखरी बोटेच त्यास सांगतील.

१८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकापासून केलेले गटापर्चाचे चेंडू आले. ते स्वस्त, गुळगुळीत व देखणे होते. पण नवेपणी नीट उडत नसत. खेळून ओरखडे पडले की मात्र सरळ व दूर जात! हे पाहून कारागीर नव्या चेंडूवरच हातोडीने खुणा ठोकू लागले. पुढे १९०५ साली विल्यम टेलर या इंग्रज गृहस्थांनी खळग्यांच्या चेंडूचे पेटंट घेतले.

दुसऱ्या मेजावर वाऱ्याच्या झोतात दोन सारखेच मोठे चेंडू असतील, एक गुळगुळीत व एक खळग्यांचा. प्रत्येकामागे ओढ दाखविणारा काटा. झोत मंद असता दोन्ही काटे जवळजवळ सारखे. झोत पुरेसा वाढविला की खळग्यांच्या चेंडूवरील ओढ दुसऱ्याच्या सुमारे निम्मीच भरते. खळग्यांमुळे पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर खळबळतो व चेंडूस अधिक वेळ बिलगून राहतो. त्यामुळे मागील भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो.

हे स्पष्टीकरण कोठे लावावे, यावर वर्गात बराच वाद झाला. पाटी समोर असली की सारे ती वाचून पुढे जातील, असे एका विद्यार्थिनीने सुचविले. अखेर पाटी झडपेखाली ठेवण्याचे ठरले: पाहुण्याने आधी आपला अंदाज लिहावा, झोत सोडावा आणि मगच झडप उचलावी. चुकलेला अंदाज कोणी खोडू नये, असाही नियम आम्ही केला.

शेवटच्या मेजावर केवळ एक प्रश्न राहील. १९७१ साली अ‍ॅलन शेपर्ड या अंतराळवीरांनी चंद्रावर गोल्फचे चेंडू टोलविले. तेथे हवा नाही. मग खळग्यांचा उपयोग काय झाला असेल? बालमित्रहो, त्या मेजावर झडप नाही. उत्तर तुम्हीच लिहावयाचे आहे.