आत्याने लपवलेले दुखणे



चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझी आत्या आमच्याकडे राहायला आली होती. वय सहासष्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, स्वभाव करारी. या खेपेस मात्र ती आपले कपडे कुणालाही धुऊ देईना. तिसऱ्या दिवशी कारण माझ्या लक्षात आले. पाळी बंद होऊन सोळा वर्षे लोटलेली असताना तिच्या अंगावरून पुन्हा लाल जात होते, आणि तेही पाच महिन्यांपासून. "उष्णता झाली असेल गं. या वयात असलं कुणाला दाखवायचं?" एवढेच ती म्हणाली.

तपासणीअंती गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, दुसऱ्या टप्प्यातला. याचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूत, म्हणजे एचपीव्हीत असते आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आत्या एकाएकी गप्प झाली. रात्री दिवा मालवल्यावर तिने विचारले, "तुझे काका जाऊन वीस वर्षं झाली. माझं काय चुकलं गं?"

मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आहे. त्या रात्री तिला जे सांगितले, तेच आज तुमच्यापुढे ठेवते. कारण हा प्रश्न अनेक घरांत मनातल्या मनात विचारला जात असेल.

घंटा झाल्याशिवाय वर्ग सुटत नाही, तशी निरोगी पेशीही योग्य निरोप आल्याशिवाय विभाजन पावत नाही. तोवर 'आरबी' नावाचे प्रथिन तिला रोखून धरते. 'पी-५३' हे दुसरे प्रथिन मुख्याध्यापकासारखे असते. पेशीच्या जनुकद्रव्यात बिघाड दिसला की ते काम थांबवते, दुरुस्ती करवून घेते आणि दुरुस्ती होणार नसेल तर त्या पेशीला स्वतःचा अंत करायला लावते.

विषाणूला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात आणि त्यासाठी लागणारी सामग्री विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशीतच मिळते. म्हणून त्याचे 'ई-७' हे प्रथिन आरबीला पकडते. घंटा न होताच वर्ग सुटतो. या अवेळी गोंधळाची दखल पी-५३ घेणारच. त्यावर 'ई-६' हे दुसरे प्रथिन पी-५३ला पेशीच्याच मोडतोड करणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करते. आता चूक दाखवणारे कुणी उरत नाही. पुढे काही पेशींत विषाणूचे जनुकद्रव्य तुटून पेशीच्या गुणसूत्रात रुतते आणि ई-६, ई-७ यांच्यावरचा उरलासुरला लगामही सुटतो. चुकांवर चुका साचत जातात. कर्करोग घडवण्यात विषाणूचा काहीच लाभ नसतो. त्याच्या लबाडीची किंमत मात्र शरीर मोजते.

जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दाखवून दिले. या रोगाच्या सुमारे ७० टक्के घटनांमागे हे दोनच प्रकार असतात. या कार्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीरसंबंध आलेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावते. थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारणपणे पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. "म्हणजे आत्या, हा तुझ्या तरुणपणीच्या संसाराबरोबर आलेला पाहुणा. यात ना तुझा दोष, ना काकांचा," मी म्हणाले. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, "मग पाच महिने मी उगाच लाजले."

तुम्हांलाही हेच सांगायचे आहे. पाळी बंद झाल्यानंतर एकदा जरी अंगावरून लाल गेले, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. घाण वासाचे पाणी जाणे किंवा ओटीपोट सतत दुखणे, याही खुणा अंगावर काढू नका. प्रत्येक वेळी कर्करोगच असेल असे नाही. वयोमानाने आतली त्वचा पातळ झाल्यानेही रक्त जाते. पण ते ठरवायचे तपासणीने. ज्यांची आजवर कधीच तपासणी झाली नाही, त्यांनी "आता वय झाले" असे म्हणून ती टाळू नये, डॉक्टरांना विचारावे.

तपासणीचे मोल जगाला दाखवून देण्यात आपल्याच मुलखातील बायकांचा वाटा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांतून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात सामील झाल्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या गटाला एचपीव्हीची एकच चाचणी देऊ केली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

नऊ ते चौदा वर्षांच्या नाती घरात असतील तर त्यांच्या लसीबद्दलही विचारा. ही लस आता पुण्यातही तयार होते. लस घेतली तरी पुढे योग्य वयात तपासणी करावीच लागते.

आत्याला पाच आठवडे बाहेरून किरणोपचार, सोबत दर आठवड्याला केमोथेरपी आणि शेवटी आतून किरणोपचार द्यावे लागले. जुलाब, लघवीची जळजळ आणि थकवा यांनी ती गळून गेली होती. शुश्रूषा करणाऱ्यांनी अशा वेळी जेवणाचा आग्रह धरू नये. थोडे थोडे खाणे, पुरेसे पाणी आणि होणारा प्रत्येक त्रास डॉक्टरांच्या कानावर घालणे, एवढे सांभाळावे. आणि शेजारी बसून राहावे.

आज ती सत्तर वर्षांची आहे. ठरलेल्या तारखेला फेरतपासणीला जाते आणि तिथल्या बाकावर बसलेल्या बायकांना विचारते, "किती दिवस लपवलंत?"