बोरिवलीचे रान : तळी, पाखरे आणि बिबटे

बोरिवली स्टेशनवर पूर्वेला उतरून वीसेक मिनिटे चालले, की एका अंगाला हमरस्त्याचा गोंगाट आणि दुसऱ्या अंगाला साग, ऐन, पळस. हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने पंचवीस हजार एकरांहून जास्त. गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातील काही शेतकरी कुटुंबांबरोबर मी तिथे गेलो होतो.

या रानाच्या पोटात दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. मुंबईचे बहुतेक पाणी आता वैतरणा-भातसाकडून येते, तरी या दोन्ही तलावांचे पाणी अजून पिण्याला जाते. म्हणून काठावर मोकळे हिंडता येत नाही. मला हे पटले. आपल्याकडे पाझर तलावावर म्हशी, कपडे आणि फवारणीचे पंप एकाच घाटावर धुतले जातात!

उतारावर पालापाचोळ्याचा जाड थर पडलेला असतो. पाऊस त्यावर आपटत नाही, मुरतो. कान्हेरीची लेणी पाहायला गेलात तर मूर्तींइतकेच पाण्याच्या टाक्यांकडेही पाहा. काळ्या कातळात पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यांत उतरवले आहे. भिक्षूंनी केलेले हे काम कोणत्याही शेततळ्याच्या शिबिरात दाखवावे असे आहे.

पाखरांसाठी उजाडताच आत शिरावे. हळद्या, तांबट, धनेश, पाण्याकाठी खंड्या. पावसाळ्याच्या तोंडाला नवरंग येतो. धनेश वड-उंबराची फळे खाऊन बिया दूरवर टाकतो, फुकटचा रोपवाटिकावाला! उतारावरची कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ नंतर ती २०२४ साली फुलली.

आमच्यातले एक बागायतदार म्हणाले, "साहेब, आमच्या उसातला बिबट्या धरून इथेच आणून सोडा की!" सगळे हसले, पण प्रश्न खरा आहे. २००४ साली या रानाच्या कडेला बिबट्यांनी बरीच माणसे मारली. त्याआधी बाहेर पकडलेले बिबटेही इथे आणून सोडले होते, आणि उपद्रव वाढण्याचे तेही एक कारण असल्याचे अभ्यासकांनी मांडले. नवख्या मुलखात सोडलेले जनावर बावरते, परत फिरू पाहते. त्याची मोकळी जागा दुसरा बिबट्या घेतो. इथे पुढे भर दिला गेला तो उकिरडा हटवणे, मोकाट कुत्री कमी करणे, अंधारात मुलांना एकटे न सोडणे यावर. उसाच्या गावात गोठ्याला भक्कम दार आणि अंगणात दिवा एवढे तरी आज करता येईल.

उद्यान सोमवारी बंद असते. शिळोंड्याच्या वाटेला परवानगी आणि वाटाड्या लागतो, मुक्कामी निसर्ग शिबिराची चौकशी वनखात्याकडे आधी करावी. खाण्याच्या पिशव्या माकडांपासून जपा. आमची अर्धी चटणी-भाकरी त्यांनीच संपवली.