सूर्यास्तापूर्वीचे रामेन

जपानमधील कोबे हे नगर डोंगर आणि सागर यांच्यामधील अरुंद पट्ट्यात वसलेले आहे. उत्तरेस रोक्को पर्वताची हिरवी रांग आणि दक्षिणेस बंदर. सान्नोमिया स्थानकातून बाहेर पडून डोंगराच्या दिशेने चालू लागले की हळूहळू चढ लागतो आणि थोड्याच वेळात कितानो हा जुना भाग येतो. १ जानेवारी १८६८ रोजी हे बंदर परदेशी व्यापारास खुले झाले. त्यानंतर दूरदेशीच्या व्यापाऱ्यांनी या उतारावर आपली घरे बांधली. त्यांतील काही आजही जतन केलेली आहेत. याच परिसरात १९८५ मध्ये उभारलेले भगवान महावीरस्वामींचे श्वेतांबर जिनालय आहे. मोत्यांच्या व्यापारानिमित्त येथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी परक्या भूमीवर जपलेली ही श्रद्धेची खूण. जपानी घरांच्या रांगेत शुभ्र संगमरवराचे हे शिखर अनपेक्षितपणे सामोरे येते आणि प्रवाशाचे हात आपोआप जुळतात.

दर्शन घेऊन पायऱ्या उतरताना मात्र एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, तो भोजनाचा. डिसेंबरच्या आरंभी कोबेत सूर्य सायंकाळी पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. ज्या घरात चउविहाराचा नियम आहे, तेथे शाळेतून मुले आणि पेढीवरून मोठी माणसे परतेपर्यंत दिवस कलू लागलेला असतो. हवेत गारठा असतो आणि काहीतरी ऊन, पातळ, पोटभरीचे हवे असते. त्या देशात अशा वेळी प्रथम नाव निघते ते रामेनचे.

कितानोचा उतार उतरून मोतोमाची स्थानकाच्या दक्षिणेस गेले की नानकिनमाची ही चिनी वस्ती लागते. रामेनचे मूळही अशाच बंदरांतील चिनी वस्त्यांत आहे. चिनी स्वयंपाक्यांनी आणलेल्या गव्हाच्या या नूडल्सना जपानी लोक आरंभी ‘नानकिन सोबा’ म्हणत. १९१० मध्ये तोक्योच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ हे उपाहारगृह निघाले आणि हा पदार्थ सामान्य नागरिकाच्या आवाक्यात आला. नूडल्सना पिवळसर छटा आणि दाताखाली जाणवणारी लवचीकता येते ती ‘कानसुई’ या क्षारयुक्त पाण्यामुळे. पापडाच्या पिठात आपण जो पापडखार घालतो, त्याच्याच जातीचा हा क्षार. दोन दूरच्या स्वयंपाकघरांतील हे नाते पाहून कोणत्याही गृहिणीस कौतुक वाटावे.

अडचण नूडल्समध्ये नाही, रश्श्यात आहे. रामेनचा रस्सा बहुधा डुकराच्या वा कोंबडीच्या हाडांचा, नाहीतर सुकवलेल्या माशांचा असतो. वर भाज्यांचा ढीग दिसला तरी वाडग्याच्या तळाशी काय आहे ते दिसत नाही. बाजारातील झटपट पाकिटांचेही तसेच आहे. वेष्टनावर कोबी आणि मक्याचे चित्र असले, तरी आतील मसाल्याच्या पुडीत मांसाचा अर्क असू शकतो आणि नूडल्समध्येही अंड्याची भुकटी असू शकते. घटकांची यादी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय पाकीट घरात आणू नये.

या झटपट रामेनचे जन्मस्थान कोबेपासून दूर नाही. हांक्यू रेल्वेने जुसो येथे गाडी बदलली की ओसाका प्रांतातील इकेदा हे गाव गाठता येते. तैवानमध्ये जन्मलेले मोमोफुकु आंदो येथे राहत. ते ज्या पतसंस्थेचे अध्यक्ष होते ती १९५७ मध्ये बुडाली आणि राहत्या घरापलीकडे त्यांच्याजवळ फारसे काही उरले नाही. त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. महायुद्धानंतरच्या टंचाईत रामेनच्या एका टपरीपुढे थंडीत कुडकुडत उभी राहिलेली माणसांची रांग त्यांनी पाहिली होती. ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नव्हते. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी प्रयोग आरंभले. नूडल्स तेलात तळल्या की त्यांतील पाण्याची वाफ होऊन निघून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. पुढे त्याच छिद्रांतून उकळते पाणी आत शिरते आणि काही मिनिटांत नूडल्स पुन्हा मऊ होतात. या युक्तीतून २५ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांचे पहिले पाकीट विक्रीस आले. किंमत होती ३५ येन. आज इकेदा येथील संग्रहालयात त्या शेडची प्रतिकृती पाहावयास मिळते. सारे भांडवल गेल्यावर पुन्हा उभ्या राहिलेल्या माणसाची ही कहाणी व्यापारी कुटुंबातील तरुणांनी आवर्जून ऐकावी. पाकिटातील पदार्थ मात्र त्यासाठी खाण्याची आवश्यकता नाही.

मग रस्सा कशाचा करावा? जपानच्या बौद्ध विहारांत ‘शोजिन र्‍योरी’ ही निरामिष पाकपरंपरा शतकानुशतके चालत आली आहे. आचार्य दोगेन यांनी विहारातील स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर १२३७ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या परंपरेत कांदा आणि लसूण वर्ज्य आहेत, ही आपल्याला जवळची वाटणारी गोष्ट. परंतु तिचा रस्सा कोम्बू हे समुद्रशैवाल आणि शिताके ही अळंबी यांपासून होतो, आणि मुळा, गाजर तिला चालतात. जैन स्वयंपाकघरात अनंतकायाचा विचार असल्याने ही वाटही अर्ध्यावरच थांबते. उपाय विज्ञानाने सुचविला आहे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी कोम्बूतील रुचीचे कारण ग्लुटामेट हा घटक असल्याचे दाखविले आणि त्या रुचीस ‘उमामी’ हे नाव दिले. तोच घटक पिकलेल्या टोमॅटोतही विपुल असतो. त्याला भाजलेल्या तिळाची आणि मक्याच्या गोडव्याची जोड दिली की हाडांवाचून आणि शैवालावाचूनही रस्सा भरदार होतो.

चार माणसांसाठी कृती अशी. दोन कोवळ्या मक्याच्या कणसांचे दाणे काढून घ्यावेत आणि उरलेली बुरकुंडे सहा वाट्या पाण्यात दहा मिनिटे उकळावीत. तेवढ्यात चार मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर भाजून बारीक कुटावेत. थोड्या तेलात तीन लाल टोमॅटोंचा कीस परतून त्यात चिमूटभर सुंठ व मिरपूड घालावी, तिळाचा कूट मिसळावा आणि गाळलेले मक्याचे पाणी ओतावे. मक्याचे दाणे, फरसबी आणि ढोबळी मिरची त्यातच शिजू द्यावी. चालत असल्यास बारीक चिरलेला कोबीही घालावा, मात्र पाने एकेक सुटी करून, उजेडात निरखून. दुसऱ्या मोठ्या पातेल्यात तीनशे ग्रॅम साध्या, अंडेविरहित नूडल्स शिजवाव्यात. दर लिटर पाण्यास दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा घातल्यास कानसुईसारखी लवचीकता येते. फेस वर येतो म्हणून आच बेताची ठेवावी आणि नंतर नूडल्स पाण्याने स्वच्छ धुवाव्यात.

रामेनच्या मांडणीचाही एक क्रम आहे. वाडग्यात प्रथम खारट मसाला, त्यावर रस्सा, मग नूडल्स आणि शेवटी भाज्या. मसाला म्हणून प्रत्येक वाडग्यात अर्धा मोठा चमचा सोया सॉस पुरतो. तो आंबवून होत असल्याने ज्यांना वर्ज्य आहे, त्यांनी मीठ व लिंबाचा रस वापरावा. वर पनीरचे किंवा टोफूचे चार तुकडे ठेवावेत. सारे मिळून अर्धा तासही लागत नाही.

जपानी माणूस जेवणापूर्वी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतो. समोर आले ते नम्रतेने स्वीकारतो, असा त्याचा भाव. समोर काय आले आहे हे पारखून घेऊन मग स्वीकारणे, एवढीच भर जैन घर त्यात घालते. आंदोंची घाई भुकेल्या रांगेसाठी होती. कितानोच्या उतारावरील घरातली घाई मावळत्या सूर्यासाठी असते. पश्चिमेकडे तांबूस प्रकाश अजून रेंगाळत असताना वाडगे रिकामे होतात, पाणी पिऊन होते, आणि खाली बंदरात एकेक दिवा लागू लागतो.