शब्द छापले, चाल राहिली

जुन्या मराठी गीतसंग्रहाचे कोणतेही पान उघडावे, गीताच्या मथळ्याखाली बारीक टाइपात एक ओळ बहुधा आढळते. आधी ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द. म्हणजे, वाचका, ते पद तुला येतेच, त्याच वळणावर हेही म्हण. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्याच्या रंगभूमीवर आले. पुढे नाटकांच्या पदांची लहान पुस्तके प्रेक्षक घरी घेऊन जाऊ लागले, तेव्हा त्यांतही हीच रीत होती. आपल्या ख्रिस्ती गीतसंग्रहांनीही तीच उचलली. छापणाऱ्याने शब्द दिले आणि चाल वाचकाच्या स्मरणावर सोपवली. जोवर ते मूळ पद घरोघर गायिले जात होते तोवर ही व्यवस्था उत्तम चालली. मूळ पद विस्मृतीत गेले त्या दिवशी त्याच्या आधाराने उभी असलेली सर्व गीते मुकी झाली.

ही गोष्ट केवळ मराठीची नाही. पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहितेत काही स्तोत्रांच्या आरंभी गायकांसाठी अशाच सूचना आहेत. बाविसाव्या स्तोत्रावर पहाटेच्या हरिणीचा उल्लेख आहे, पंचेचाळिसाव्यावर कमळांचा. ही त्या काळच्या प्रचलित चालींची नावे असावीत, असे अभ्यासक मानतात. बाविसावे स्तोत्र तर प्रभू येशूच्या मुखी क्रुसावर आले. त्याचे अक्षर न् अक्षर आपल्यापर्यंत पोहोचले आहे, परंतु पहाटेच्या हरिणीची ती चाल पृथ्वीवर आज कोणालाही येत नाही.

शब्दांबरोबर सूरही कागदावर उतरवावेत आणि ते कागद विकावेत, हा उद्योग युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी ऐन भरात होता. घरात पियानो असणे हे मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचे लक्षण होते आणि पियानोपुढे ठेवण्यास दर आठवड्याला नवे गीत हवे असे. न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर अशा प्रकाशकांची एवढी दाटी झाली की त्या वस्तीला ‘टिन पॅन अ‍ॅली’ हे नावच पडले. चार्ल्स हॅरिस यांच्या १८९२ च्या ‘आफ्टर द बॉल’ या एका गीताच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्याचे सांगतात. दुकानात गिऱ्हाईक आले की पियानोवर नवी गीते वाजवून दाखवण्यासाठी पगारी माणसे असत. पुढे जगप्रसिद्ध झालेला जॉर्ज गर्श्विन १९१४ साली वयाच्या पंधराव्या वर्षी आठवड्याला १५ डॉलरवर हेच काम करू लागला होता.

जेथे पैसा तेथे चोरीही आली. लंडनच्या रस्त्यांवर फेरीवाले लोकप्रिय गीतांच्या चोरून छापलेल्या प्रती कवडीमोलाने विकू लागले. गीतकार व प्रकाशक इतके हवालदिल झाले की ब्रिटिश पार्लमेंटला १९०२ आणि १९०६ साली खास कायदे करावे लागले. सूर हवेत असतात तेव्हा ते सर्वांचे असतात. कागदावर उतरले की त्यांना मालक आणि किंमत मिळते आणि पाठोपाठ चोरही मिळतो.

या व्यापाराच्या मुळाशी एका कॅथोलिक ऑर्गनवादकाचे नाव आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊक असावे. व्हिन्सेंट नॉव्हेलो (१७८१–१८६१) हे लंडनमधील पोर्तुगीज वकिलातीच्या चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवीत. तेथे मिस्सेला गायिले जाणारे संगीत त्यांनी १८११ साली पदरमोड करून छापले. साथ कशी करावी हे तोवर आकड्यांच्या सांकेतिक खुणांनी सुचवले जात असे आणि ते जाणकारालाच उमगे. नॉव्हेलो यांनी साथीचे सगळे सूर लिहून काढले, म्हणजे लहान गावातील बेताच्या वकुबाच्या वादकालाही ते वाजवता यावेत. पुढे त्यांच्या मुलाने स्वस्त आवृत्त्या काढल्या आणि थोर संगीतरचना गिरणीकामगारांच्या गायनवृंदांपर्यंत गेल्या. छापखान्याने सूर विकले हे जितके खरे, तितकेच त्याने सूर वाटले हेही खरे.

विकणे आणि वाटणे यांतील ही ओढाताण पवित्र ख्रिस्तसभेलाही सोडवावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेगोरियन गायनाची अधिकृत पुस्तके छापण्याचा खास हक्क जर्मनीतील रेगेन्सबर्गच्या पुस्टेट या प्रकाशनसंस्थेला तीस वर्षांसाठी मिळाला होता. तो १९०१ च्या सुमारास संपला. दरम्यान फ्रान्समधील सोलेम मठाचे बेनेडिक्टाइन संन्यासी जुनी हस्तलिखिते ताडून मूळ चाली शोधत होते. पुस्टेटच्या पुस्तकांतील चाली छाटलेल्या आहेत, असे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयीचे आपले प्रसिद्ध आज्ञापत्र काढले आणि पुढच्याच वर्षी व्हॅटिकनची स्वतःची आवृत्ती जाहीर केली. सोलेमच्या संन्याशांना १९०१ साली फ्रान्स सोडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर आसरा घ्यावा लागला होता. त्या परागंदा अवस्थेतही त्यांनी आपल्या दीर्घ श्रमांचे फळ पोपमहोदयांच्या स्वाधीन केले. १९०५ साली ‘किरियाले’ आणि १९०८ साली ‘ग्रादुआले’ हे ग्रंथ निघाले. ते छापण्याची मुभा एका प्रकाशकापुरती न ठेवता, पाठ न बदलण्याच्या अटीवर इतरांनाही देण्यात आली. छापणाऱ्याने कागदाची किंमत घ्यावी, परंतु प्रार्थनेच्या सुरावर कुंपण घालू नये, असा त्या निर्णयाचा अर्थ आम्ही लावतो.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबईत धोबीतलावला १८६५ साली स्थापन झालेले फुर्तादो यांचे दुकान धार्मिक वस्तू, वाद्ये आणि पाच रेघांवरील छापील संगीत यांसाठी नावारूपास आले. या मालाचे गिऱ्हाईक होते गोमंतकीय. गोव्यातील चर्चच्या शाळांतून ‘मेस्त’ मुलांना व्हायोलिनसह स्वरवाचन शिकवीत. त्या शिदोरीवर गोव्याची मुले लष्करी बँडपासून पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत पोहोचली. वसईच्या वाडीत किंवा नगर जिल्ह्याच्या खेड्यात राहणाऱ्या सामान्य मराठी कॅथोलिक कुटुंबाकडे मात्र पियानोही नव्हता आणि पाच रेघा वाचण्याची विद्याही नव्हती. त्याच १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातील केंदळ येथून ‘निरोप्या’ सुरू केला आणि मराठी शब्द घरोघर जाऊ लागला. सूर मात्र कानाकानांतूनच जात राहिला.

मराठी सुरासाठी कागद तयार नव्हता असे मात्र नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली मुंबईत आणले, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि पाठ्यपुस्तके छापली. विद्येच्या या प्रसारासाठी त्यांनी कर्ज काढले आणि त्या कर्जापायी मुंबईची इमारत अखेर लिलावात गेली. पेशाने वकील असलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून, गवयांची मनधरणी करून चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. घराण्याची चीज ही तेव्हा तिजोरीतील दागिन्यासारखी जपली जाई. जी शिकायला शिष्याने वर्षानुवर्षे गुरुगृही राबावे, ती आता पुस्तकाच्या किमतीत कोणाच्याही हाती पडू लागली. काही गवयांना ते रुचले नाही. परंतु ज्या मुलामुलींना कोणत्याही उस्तादाने दारात उभे केले नसते, त्यांच्यासाठी एक दार उघडले.

भातखंडे यांच्या पद्धतीचा एक व्यावहारिक गुण फारसा बोलला जात नाही. पाश्चात्त्य स्वरलेखन उत्तम छापायचे तर कथील-शिशाच्या पत्र्यावर पोलादी ठशांनी, तेही उलट्या दिशेने, एकेक खूण ठोकावी लागे. त्याला वेगळा कारागीर लागे. भातखंडे यांची स्वरलिपी देवनागरी खिळ्यांनीच जुळवता येई. सा, रे, ग, म ही अक्षरे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. सूर लांबवायचा तर पुढे छोटी रेघ, अक्षर लांबवायचे तर अवग्रह. ज्या छापखान्यात लग्नपत्रिका निघते तेथे थोड्या जादा खुणांनिशी हेही निघू शकले असते. आणि हार्मोनियम तर चर्चमध्ये होतीच.

मग छापील सुरांचा व्यापार आपल्याकडे का फोफावला नाही? एक कारण उघड आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि तबकडीचे युग सुरू झाले. पश्चिमेत आधी शंभर वर्षे कागद आला, मग तबकडी. आपल्याकडे दोन्ही जवळजवळ हातात हात घालून आले आणि तबकडीने बाजी मारली. दुसरे कारण अधिक खोल आहे. मींड, गमक आणि हरकती रेघांत मावत नाहीत. कागदावर उरतो तो गाण्याचा सांगाडा, अशी आपली ठाम समजूत. ती चुकीची नाही. परंतु चर्चमधील सामुदायिक गीत म्हणजे ख्याल नव्हे. दोनशे माणसांनी एकमुखाने म्हणावयाच्या गीताला सांगाडाच अधिक मोलाचा असतो.

एवढा इतिहास आम्ही सांगितला, कारण त्याची निकड खराडीत दर रविवारी जाणवते. मुळा-मुठेकाठचे हे शेतीचे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले आणि पाहता पाहता आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींनी वेढले गेले. कामधंद्यासाठी वसईहून, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून, गोव्याहून कुटुंबे आली आणि एका वेदीभोवती जमली. गायनवृंदाच्या सरावाला वसईच्या भगिनी आणि राहात्याकडील गुरुजी एकच गीत सुरू करतात. पहिली ओळ जुळते, ध्रुपदाच्या वळणावर दोघे दोन वाटांनी जातात. प्रत्येकाला आपली चाल खरी वाटते, कारण प्रत्येकाने ती आपल्या आईच्या तोंडून ऐकलेली असते. अशा वेळी निवाडा करण्यास पुस्तक उपयोगी पडत नाही. पुस्तकात शब्द आहेत आणि त्यांवर तीच जुनी ओळ आहे, ‘चाल’ अमुक. ते अमुक काय, हे दोघांनाही ठाऊक नसते.

आमच्या धर्मग्रामातील एका आजींच्या पश्चात त्यांच्या मुलांनी आजींची गीतांची वही आम्हास आणून दिली. सुवाच्य अक्षर, पानोपानी तारखा, उपवासकाळाची गीते वेगळी, पवित्र मरियेची वेगळी. त्यांतील बऱ्याच गीतांची चाल आज घरात कोणाला येत नाही आणि गायनवृंदातही नाही. लेक म्हणाली, “फादर, आई स्वयंपाक करताना रोज म्हणायची. आम्हाला वाटायचे, ते येतेच आपल्याला.” या वाक्यावर आम्हास काही बोलता आले नाही.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. ध्वनिमुद्रण करावे, स्वरलिपीचा खटाटोप कशाला? ध्वनिमुद्रण जरूर करावे. परंतु ते एका गळ्याचे चित्र असते. फोन बदलला की ते नाहीसे होते आणि त्यावरून शिकणारा त्या गळ्याची नक्कल करतो. स्वरलिपी गीत दुसऱ्याच्या गळ्याला मोकळे करून देते. शिवाय तिच्यामुळे दोन्ही चाली शेजारी शेजारी लिहिता येतात आणि वसई की राहाता हा वाद न राहता एका गीताचे दोन वारसे होतात. व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मानाचे स्थान द्यावे असे सांगितले. त्या परंपरेची नोंदच नसेल तर स्थान कशाला द्यावयाचे?

आणखी एक गोष्ट, किंचित अप्रिय, पण सांगितली पाहिजे. वेदीवरील फुलांचे पैसे आपण देतो, मेणबत्त्यांचे देतो, ध्वनिक्षेपकवाल्याचेही देतो. गीतपुस्तक मात्र एक विकत घेऊन चाळीस झेरॉक्स काढतो. आपल्या देशाच्या कायद्याने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्यास सूट दिली आहे. प्रती काढून वाटणे ही वेगळी बाब आहे. रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या कृतीवर त्याच्या वारसांचा हक्क असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले, त्यांची गीते आता सर्वांची आहेत. परंतु आजच्या तरुण गीतकाराचे तसे नाही. त्याचे नाव छापावे, त्याची परवानगी घ्यावी आणि पुस्तकाच्या प्रती मोजून विकत घ्याव्यात. कामकऱ्याची मजुरी अडवून ठेवू नये ही शास्त्राची शिकवण गीतकारालाही लागू आहे.

आमची विनंती साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने घरातील वडीलधाऱ्यांना एका रविवारी दुपारी बोलवावे, चहापाणी करावे आणि त्यांना गाऊ द्यावे. हार्मोनियम येणारी एखादी मुलगी शेजारी बसवावी. सा, रे, ग, म लिहिण्याइतके शिक्षण आज कितीतरी मुलींनी संगीताच्या परीक्षांतून घेतलेले असते. गीताचे नाव, कोणाकडून मिळाले, कोणत्या गावी, कोणत्या सणाला म्हणत, एवढे वर लिहावे आणि खाली सूर. वर्षाकाठी दहा गीते झाली तरी दहा वर्षांत शंभरांचा संग्रह होईल. तो छापण्यास खर्च येईल. तो विकत घेणारी शंभर कुटुंबे एका धर्मग्रामात सहज निघतील.

खराडीत येत्या उपवासकाळापूर्वी आम्ही आरंभ करीत आहोत. आजींच्या वहीतील गीतांपैकी जी कोणास येत असतील त्यांनी, मग ते कोणत्याही गावचे असोत, जरूर यावे.