मुका मार सोसणाऱ्या स्वादुपिंडास

प्रिय स्वादुपिंडा,

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर तू आडवा पहुडलेला. लांबी जेमतेम 15 सेंटिमीटर. इतक्या आत असूनही सायकलच्या हँडलपासून तुझी सुटका नाही. मूल पडतं, हँडलचं टोक पोटात रुततं आणि तू कण्यावर चेपला जातोस.

मला नऊ वर्षांचा एक मुलगा आठवतो. पोटावर नाण्याएवढा निळा डाग, बाकी ओरखडाही नाही. घरच्यांनी लेप लावून झोपवलं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्यावर आणलं. त्यांना मी दोष देत नाही. पहिल्या काही तासांत तू आम्हा डॉक्टरांनाही चकवतोस. रक्तातलं अमायलेज, तुझंच पाचक विकर, कधी नॉर्मल येतं, सीटी स्कॅनही कधी स्वच्छ दिसतो. संशय असेल तर तपासण्या पुन्हा कराव्याच लागतात.

1827 साली लंडनच्या ट्रॅव्हर्स यांनी नोंदवलेली तुझी जखम शवविच्छेदनात दिसली होती. आज एमआरसीपी या एमआरआय तपासणीत तुझी मधली नळी पोट न उघडता दिसते. सगळं तिच्यावर अवलंबून. ती शाबूत असेल, रक्तदाब टिकून असेल, आतडं फुटलेलं नसेल, तर तुला चाकू लावू नये, असं माझं ठाम मत आहे. नळीच तुटली असेल तर मात्र मोठ्या माणसांत बहुधा शस्त्रक्रिया लागते. मुलांच्या बाबतीत सर्जनांमध्ये अजून मतभेद आहेत.

त्या मुलाची नळी शाबूत होती. “ऑपरेशन नाही, मग नुसतं पडून राहायचं?” त्याच्या आईने विचारलं. नुसतं नाही, ताई. रोज कितीदा तरी पोटावर हात ठेवून बघायचं, नाडी, ताप, लघवी मोजायची, दुखणं शमवायचं, आणि बिघडलंच तर लगेच टेबलावर घ्यायची तयारी ठेवायची. उलट्या थांबेनात, म्हणून नाकातून बारीक नळी लहान आतड्यापर्यंत घातली आणि तिच्यातून अन्न दिलं. शेजारच्या खाटेवर वरणभाताचा डबा उघडला की पोरगा भिंतीकडे तोंड करायचा.

तिसऱ्या आठवड्यात सोनोग्राफीत जठरामागे पाण्याची पिशवी दिसली. तुझाच पाझरलेला रस. माझे हात शिवशिवले, पण त्याला ताप नव्हता, पोट मऊ होतं. अशा पिशव्या पुष्कळदा आपोआप जिरतात. त्रास देऊ लागल्या, तर भिंत घट्ट होईपर्यंत चार ते सहा आठवडे थांबून दुर्बिणीने त्या जठरात मोकळ्या करता येतात.

त्याची जिरली. पुढच्या तपासणीला आला तेव्हा शर्टावर वरणाचा डाग होता.

तुझा,
एक बालशल्यचिकित्सक