चॅटमचा दोर आणि त्यातलं उलटं सूत

लंडनहून केंटकडे जाणारी गाडी रॉचेस्टरपाशी मेडवे नदी ओलांडते आणि लगेच चॅटम येतं. अ‍ॅडमिरल नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ हे जहाज १७६५ साली इथल्याच शाही गोदीतून पाण्यात उतरलं. १९८४ साली आरमाराने गोदी सोडली. पण १६१८ पासून इथे चालत आलेलं दोर वळण्याचं काम थांबलेलं नाही. तेच पाहायला मी आलो होतो.

विटांचा दोरखाना १७८६ ते १७९१ या काळात बांधलेला, तब्बल ३४६ मीटर लांब. कामगार या टोकाहून त्या टोकाला सायकलवरून जातात. एवढी लांबी लागते, कारण वळताना पेड आखडतात. सव्वादोनशे मीटरच्या दोरासाठी सुमारे तीनशे मीटरचे पेड ताणावे लागतात. सूत एका बाजूला कातायचं, पेड उलट्या बाजूला पिळायचा आणि तीन पेडांचा दोर पुन्हा पहिल्या बाजूला वळायचा. हे पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोर उकलत नाही. खाचा पाडलेला लाकडी शंकू तीन पेडांमधून पुढे सरकतो आणि त्याच्यामागे दोर आकार घेत जातो. ते पाहताना नजर हलत नाही.

आरमाराच्या जुन्या दोरात आणखी एक सूत असे, ‘रोग्ज यार्न’, म्हणजे लबाडांसाठीचं सूत. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या काळातल्या कायद्यात त्याचं वर्णन आहे: तीन इंच आणि त्याहून जास्त घेराच्या सरकारी दोरात उलट्या पिळाचा पांढरा धागा. पुढे गोद्यांनी आपापले रंग ठरवले. चोरीचा दोर कापून तुकडे केले, तरी प्रत्येक तुकड्यात हा धागा सापडे. तो काढायचा तर दोरच उकलावा लागे.

चोरी होई, कारण एका मोठ्या युद्धनौकेला चाळीस किलोमीटरहून अधिक दोर लागे आणि त्याला बाहेर गिऱ्हाईक होतं. पण सतराव्या शतकात गोदीतल्या कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकत, हेही विसरता येत नाही. ज्या हातांवाचून एकही जहाज बंदर सोडू शकत नव्हतं, त्याच हातांवर नजर ठेवणारा धागा त्यांच्याकडूनच दोरात वळवून घेतला गेला. इंग्लंडच्या सागरी वैभवाचा हिशेब मांडताना आरमारी विजयांशेजारी हे थकलेले पगारही लिहायला हवेत.