पाचवी धमनी

रात्रीचे अकरा. आज ससून रुग्णालयावरून येताना बी. जे. मेडिकल कॉलेजचा डिसेक्शन हॉल आठवला. थायरॉइडला रक्त पुरवणाऱ्या चार धमन्या आम्ही घोकल्या होत्या. तिथल्या एका देहात पाचवी निघाली, थायरॉइडिया इमा. शंभरात तीन ते दहा जणांत ती आढळते. छातीतून निघून श्वासनलिकेच्या पुढून वर चढते. ट्रॅकिऑस्टॉमीचा, म्हणजे श्वासनलिका उघडण्याचा, छेदही तिथेच घ्यायचा असतो. नकळत कापली गेली, तर तिचं टोक छातीत मागे सरकतं आणि रक्त आवरता आवरत नाही. म्हणून आजही चाकू टेकवण्याआधी मी बोटाने ठोका चाचपतो. प्रत्येक गळा नव्याने वाचावा लागतो. देह देऊन गेलेल्या त्या अनोळखी गुरूंनी हे शिकवलं.